गोठ्यात निजलेल्या मोटारीचा कर

मु. जोयडा, पेटा सुपे,
आश्विन शुद्ध सप्तमी, शके १८६१

राजमान्य राजेश्री जावईबापू यशवंतराव यांस सासू गिरजाबाई हिचे दोन्ही हात उचलून आशीर्वाद. इकडची माणसं आणि जनावरं आपापल्या पायांवर उभी आहेत. तिकडे बेळगावात तुम्हीही उभे असाल, निदान कचेरीच्या खुर्चीत ताठ बसलेले असाल, असं धरून पुढचं लिहिते. तुमचा खोकला कसा आहे? अडुळशाचा पाला पाठवला होता त्याचा काढा घेता, की तो फळीवर ठेवून त्याच्याकडे बघून खोकता? केशर बरी आहे. बाळंतपणाचा अशक्तपणा गेला, आता मला उलट बोलते. बाळ रात्रंदिवस रडतं, म्हणजे छाती चांगली आहे. नाक तुमच्यावर गेलं, त्याला इलाज नाही, मुलगा आहे म्हणून निभेल. (केशर म्हणते नाक चांगलं आहे. तिला सवय झालीय.) हे पत्र माझ्या हातचं आहे. मी शाळेत गेले ती पाटी फुटेपर्यंत, आणि दुसरी पाटी कोणी घेऊन दिली नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका, वाचा.

मागच्या दसऱ्याला आमच्या पाटावर बसून आणखी भात मागताना तुम्ही काय बोललात ते आठवतं का? तुम्हाला आठवणार नाही, कारण तोंडात घास होता. मला आठवतं. तुम्ही म्हणालात की सासूबाई, बैलगाडीचे दिवस संपले, लोंढ्याच्या स्टेशनापासून जोयड्यापर्यंत मोटार घाला, माणसं रांग लावतील. तुम्ही हात धुऊन पान खाल्लंत आणि बेळगावला गेलात. पण लखू (माझा नातू, तुमच्या बायकोच्या मेलेल्या भावाचा एकुलता एक पोरगा, ही ओळख तुम्हाला नको, पण तुम्ही त्याला ‘तो मुलगा’ म्हणता म्हणून लिहिली) तेव्हापासून जेवेना. भिंतीवर कोळशानं मोटार काढायचा. शेवटी माझी पुतळ्यांची माळ आणि बैलांची थोरली जोडी गेली आणि मोटार आली. तीही तुम्हीच बेळगावात पसंत केलेली. तिला दारं चार, त्यातलं उघडतं एक; बाकीची तीन नुसती वाजतात, घरातल्या पुरुषांसारखी. आणि वर तुम्ही सल्ला दिलात की मोटार आजीच्या नावावर घ्या, वडीलधाऱ्या बाईच्या नावावर असली की सरकार अदब राखतं. जावईबापू, अदब बघायला यायला हवं होतं तुम्ही. उभ्या जन्मात मला कोणी नावानं हाक मारली नाही. मी अमक्याची सून, तमक्याची आई. आता सुप्याच्या कचेरीतला पट्टेवाला बाजारभर ऐकू जाईल असा ओरडतो, ‘मोटार मालक गिरजाबाई हाजिर!’ आणि सुपारी घ्यायला आलेले लोक माना वळवून बघतात की ही कोण नवीन.

आता काय झालंय ते थोडक्यात सांगते, लांबण मग लावते. मोटार सुप्याच्या कचेरीपुढे साखळीनं बांधलेली आहे. धनत्रयोदशीच्या आत पावसाळ्याचा कर आणि दंड भरला नाही तर तिचा लिलाव. आणि लिलाव झाला की लखू मडगावच्या एका लॉरीवाल्याकडे ड्रायव्हर म्हणून जाणार. त्या माणसाला त्यानं होकार कळवूनसुद्धा टाकलाय. घाट उतरून फिरंग्याच्या मुलखात दुसऱ्याची लॉरी हाकणार आणि मासळी खाऊन राहणार. जाईना का. मला काय? माझी दाढ दुखते तेवढंच दुःख पुरे आहे.

ह्या मोटारीला कर दोन. एक ती चालली की लागतो आणि एक ती बसली तरी लागतो. चालण्याचा आधी सांगते. लोंढ्याचा पेट्रोलवाला यंदा डब्यामागे जास्तीचे आणे मागायला लागला. म्हणाला, हा विक्रीकर आहे, माझा नव्हे, सरकारचा. मी म्हटलं, बाबा, विकतोस तू, मग विकण्याचा कर मी का भरू? मी तर घेतेय. घेण्याचा कर असेल तर सांग. तो म्हणाला, आजी, तसंच असतं, विकणाऱ्यानं भरायचा आणि घेणाऱ्याकडून काढायचा. ही रीत मला फार आवडली. (यंदा शेताचा धारा मी भरणार आणि भात जेवणाऱ्यांकडून काढणार आहे. दिवाळीला आलात की तुमच्यापासून सुरुवात.)

दुसरा कर रस्त्याचा. तो दर तीन महिन्यांनी आगाऊ भरायचा, आणि तो मोटार रस्त्यावर फिरते म्हणून. ठीक आहे, फिरते तोवर लखूनं भरला, तोंडातून शब्द काढला नाही. पण मृग लागल्यावर आमच्याकडे रस्ता असतो का हो? तुम्ही एकदा आषाढात आला होतात, तेव्हा तुमचा एक बूट चिखलात राहिला तो अजून सापडलेला नाही. लोंढ्याकडची वाट म्हणजे पावसात ओढाच, तिच्यात खेकडे चालतात. रस्त्याचा कर चालणाऱ्याकडून घ्यायचा तर खेकड्यांकडून घ्यावा. आमची मोटार तर ज्येष्ठातच गोठ्यात गेली, वर गवताची शाकार घातली, आणि मागच्या बाकावर कोंबडी अंडी उबवायला बसली. अशा मोटारीवर कर! पण कायदा असा आहे म्हणे की मोटार घरात ठेवणार असाल तर तसं आधी सरकारला लेखी कळवायचं. कळवलं तर कर माफ. न कळवता ठेवली तर ती फिरत होती असं धरायचं, मग तिच्यावर कोंबडी बसो की हत्ती. हे मला कुठून ठाऊक? ठाऊक असलं तर ते कारकुनी करणाऱ्या माणसाला असावं. आमच्यात कारकून एकच आहे. तो बेळगावात खोकत बसतो.

आणि आम्ही कळवलं नव्हतं असं नाही. कळवलं होतं, चारचौघांत, नारळ ठेवून, कोंबडा देऊन. पाऊस पडायच्या आधी आमच्याकडे राखणदारापुढे गाऱ्हाणं घालतात हे तुम्ही पाहिलंय (लग्नाच्या वर्षी तुम्हाला तिथेच ऊन लागून घेरी आली होती). चार महिने काय काय बंद राहणार ते घराघरानं देवाच्या कानावर घालायचं. कुणाची गाडी सुटली, कुणाची वाट बुडणार, कुणाची गुरं रानात जाणार. गुरव परशू हात जोडून सगळं बोलतो, आणि ज्या घरानं जसं सांगितलं तसंच बोलतो. शब्द गाळायचा नाही, पदरचा घालायचा नाही. शेवटी कौल घेतात, उजवं फूल पडलं की देवानं ऐकलं. आमच्या मोटारीचं बोलून झालं आणि उजवं फूल पडलं, तेही लगेच. रानातला वाघ ज्याचं ऐकतो त्याला कळवलं, आता सुप्याला वेगळं कळवायचं असतं हे कुणाच्या डोक्यात येणार? गावात कुणाच्याच आलं नाही. आमच्या डोक्यात पावसाआधी एकच कचेरी असते, आणि तिला दार नाही.

तरी हे सगळं पचलं असतं. पण आषाढात सुंदरी व्याली. (सुंदरी म्हणजे म्हैस. मागच्या पत्रात लिहिलं होतं, तेव्हा तुम्ही केशरला ‘ही सुंदरी कोण’ म्हणून विचारलंत.) पहिल्यांदाच व्यालेली म्हैस, तिला मोटारीचा वास सोसेना, पारडाला पाजू देईना, पाय झाडी. मी म्हटलं, मोटार काढा, वरच्या पडवीत न्या. वरची पडवी रस्त्यापलीकडे, दगड फेकला तर पोचेल इतक्यावर. तेलाचा थेंब मोटारीत नाही. मग काय, धाकटी जोडी आणली, मोटारीच्या तोंडाला जू बांधलं, लखू मागून ढकलायला लागला, आणि ते हातातलं गोल चाक धरायला कुणी नव्हतं म्हणून मी आत बसले. डोक्यावर इरलं. कोंबडी मागे होतीच, ती उठेना.

बरोबर रस्त्याच्या मधोमध आलो आणि समोरून मोटारीचे इन्स्पेक्टर! वर्षातून एकदा येणारा माणूस त्याच दिवशी का यावा ते राखणदाराला विचारायला हवं. धारवाडकडचा गडी, गुडघ्यापर्यंत चिखल, छत्री उलटी झालेली, आणि त्या छत्रीचा राग आमच्यावर.

“अज्जी, गाडी थांबवा!”

“थांबवाय ती चालतीया कुठं? बैलास्नी सांगा.”

बैल थांबले. (माझं ऐकत नाहीत. खाकी कपडा बघून थांबले.)

“गाडी रस्त्यावर आणलीया. म्हंजे वापरात हाय,” असं म्हणून त्यानं खिशातून पेन्सिल काढली.

“वापरात कसली? म्हशीला जागा करून देतोय. आत तेल न्हाई, आवाज न्हाई. ही बैलगाडी हाय आता.”

“बैलगाडी? मग कंदील कुठं हाय? आणि बैलगाडीचा कर?”

“मग मोटारच समजा.”

“मोटार समजलो. चाक कोण धरलंय? लायसन हाय काय तुमच्याकडं?”

“म्हशीचं?”

इथे लखू हसला. मोटारीमागे वाकून ढकलत होता, दिसत नव्हता, पण हसला तो डोंगरापर्यंत ऐकू गेला. आणि तिथेच सगळं बिघडलं. हसणाऱ्यावर सरकार दया करत नाही. इन्स्पेक्टरनं पावसात उभं राहून सगळं लिहून घेतलं: मोटार म्हणून एक गुन्हा, बैलगाडी म्हणून दुसरा, आणि बिनपरवाना चालक म्हातारी हा तिसरा. लिहून झाल्यावर पडवीत बसून खरवस मात्र वाडगाभर खाल्ला, आणि वर म्हणाला, अज्जी, वेलदोडा कमी पडला. त्याच्यावर कर नाही म्हणून मी गप्प बसले.

रस्ता वाळल्यावर मोटार सुप्याला नेऊन बांधली आणि मला बोलावणं आलं. तिथले महालकरी वयानं लहान, पण माणूस वाईट नाही. उठून मला बाक दिला. सगळं ऐकून घेतलं, बैलगाडीचा कर काट मारून काढून टाकला, म्हणाले एका गाडीला एकाच जातीत घालता येतं. मग म्हणाले, आजी, मोटार पावसाळ्यात बंद ठेवणार हे तुम्ही आधी जाहीर केलं होतं असं कुणी सांगेल का? लेखी नसलं तरी मी वर कारवारला शिफारस करून बघतो. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी म्हटलं, कुणी म्हणजे? अख्खं गाव सांगेल. परशू गुरवाला बोलवा.

परशू आला. धुतलेलं धोतर, कपाळाला गंध, जशी काही कचेरीतच जत्रा आहे. महालकरी म्हणाले, मोटारीपुरतं काय बोललास ते सांग. परशू म्हणाला, “मोटारीपुरतं बोलता येत न्हाई सायेब. सुरवातीपासनं बोलाय लागंल, मधनंच काडलं तर देव कोपतो. आन् पायातलं काडा.” महालकऱ्यांनी बूट काढले. मग कारकुनांना काढावे लागले. सगळी कचेरी अनवाणी उभी, आणि परशूनं डोळे मिटले.

रानापासून धरलं त्यानं. गुरांना वाघापासून राख, पोरांना तापापासून राख, भाताला कीड लावू नको. दर वाक्याला “व्हय म्हाराजा” म्हणायचं असतं, तिथे म्हणायला आमचं कुणी नव्हतं, तर पट्टेवाल्यानं म्हणायला सुरुवात केली, मग कारकून, मग दारातले सुपारीवाले. महालकऱ्यांचे ओठसुद्धा हलले, मी पाहिलं. मग आमचं घर आलं. “गिरजाच्या दारची लोखंडी गाडी चार म्हयने गोठ्यात निजंल. तिला उंदीर लावू नको, गंज लावू नको.” व्हय म्हाराजा! महालकऱ्यांनी मान डोलावली, दौतीत टाक बुडवला. आता इथे थांबला असता तर काय बिघडलं असतं? मी खोकले. मी बाक सरकवला. पण गाऱ्हाणं घालताना परशूला बाहेरचं दिसत नाही की ऐकू येत नाही. “आन् नड पडली, तर तिला भाईर काडायची मोकळीक दे. तवा ती एका हाकंला चालू दे, वाटंत अडू देऊ नको!”

“व्हय म्हाराजा!” पट्टेवाल्यानं तर हात वर करून म्हटलं.

महालकऱ्यांनी टाक खाली ठेवला. म्हणाले, “आजी, म्हणजे मोटार वापरायला ठेवली होती.”

“वापराय न्हवं. निजली हुती.”

“पण उठवायची होती.”

ती ओळ गाऱ्हाण्यात कशी आली ते आत्ता विचारू नका. परशूनं पदरची घातली नाही एवढं खरं. झालं. सबंध पावसाळ्याचा रस्त्याचा कर कायम, आणि परवान्याशिवाय चाक धरलं म्हणून वर दंड. महालकरी म्हणाले, माझा इलाज नाही आजी, तुमच्याच साक्षीदारानं सांगितलं. परतीच्या वाटेवर परशू माझ्यामागून चालत म्हणत होता, “मी काय करू आज्जी? तुमीच बोलला तसं बोललो.” घरापाशी आल्यावर त्याला नारळ दिला, कारण गाऱ्हाण्याचा नारळ ठेवून घेता येत नाही. पण हातात दिला नाही, ओट्यावर ठेवला.

तर असं आहे. तुम्हाला हे सगळं एवढ्याचसाठी लिहिलं की सल्ला देणाऱ्याला त्याचं फळ कळलं पाहिजे. माझं तुमच्याकडे काही मागणं नाही. मोटार गेली तर गोठा मोकळा होईल. लखू गेला तर तांदूळ कमी लागतील. म्हातारपणी माणसाला किती लागतं? जिभेला धार आहे आणि सुंदरीला दूध आहे, माझं चाललंय. ह्या पत्राला उत्तर लिहिण्यात टपालाचं तिकीट खर्च करू नये. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, आणि गुडघे दुखतात म्हणतात त्यांना म्हणावं, पाटावरून उठत जा.

आपली,
गिरजाबाई, मोटार मालक (सध्या)

ता. क. – लखूनं ट्रंक भरून दोरी बांधलीय. मी तिच्यावर भाताचं पोतं ठेवलंय, कारण जमिनीला ओल आहे आणि घरात दुसरी कोरडी जागा नाही. तो सकाळी उठतो, पोत्याकडे बघतो आणि म्हणतो, आज्जी, हे कधी काढणार? मी म्हणते, माझी कंबर धरलीय, तूच काढ. दोन पोती काखेत मारून नेणारा पोरगा, पण काढत नाही. का ते मी विचारलेलं नाही.

आणखी ता. क. – हे पत्र आल्याचं केशरला लिहू नका. तिला वाटतं मोटार सुप्याला दुरुस्तीला गेलीय आणि दिवाळीनंतर ती बाळाला घेऊन तिच्यातूनच लोंढ्याला जाणार आहे. बाळाचं टोपडंसुद्धा वाऱ्यासाठी म्हणून जाड शिवलंय.

शेवटचा ता. क. – ती ओळ. वैशाखात केशर तुमच्याकडून आली तेव्हा तिचे पाय भोपळ्यासारखे सुजलेले होते आणि तोंडावर रक्त नव्हतं. पहिल्या खेपेला काय झालं ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही. आठवा महिना भर पावसात येणार. रात्रीबेरात्री लोंढ्याची आगगाडी गाठायची पाळी आली तर बैलांच्या भरवशावर कोण बसणार? म्हणून मी परशूला म्हटलं, एवढं घाल. लखूनं एक पेट्रोलचा डबा माझ्या खाटेखाली लपवून ठेवला होता, तो मी इन्स्पेक्टरला दाखवला नाही, महालकऱ्यालाही सांगितला नाही. केशर मात्र मोटारीची वाट न बघता, फुला सुईण पायरी चढते न चढते तोच मोकळी झाली, आणि ती ओळ फुकट गेली. फुकट गेलेली बरी. पण ओळ तुमच्या बायकोसाठी होती, तेव्हा पावसाळ्याचा कर तुमचा. धनत्रयोदशीच्या आत स्वतः सुप्याला येऊन भरा, मनीऑर्डर नको. मोटार सोडवून लखूच्या शेजारी बसून घरी या, म्हणजे तुम्हालाही कळेल की कुठलं दार उघडतं. दंड मी भरते. चाक माझ्या हातात होतं.